कातिब

कातिब : इस्लामी राज्यव्यवस्थेतील शासकीय लेखनिक. ‘लिहिणारा’ हा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ. इराणी परंपरेत त्यासच दबीर म्हणत. संस्कृत लेखांत व राजतरंगिणीत आढळणारा ‘दिविर’ हा शब्द त्याच मुळाचा होय. राज्यकर्त्याची पत्रे लिहिणे, महसुलाचे हिशेब ठेवणे व दप्तर सांभाळणे ही कातिबाची मुख्य कामे.

खलीफा उमर (कार. ६३४–४४) याने सैनिकांच्या वेतनाच्या नोंदीसाठी दिवाण म्हणजे दप्तरखाना सुरू केला. परंतु जिंकलेल्या प्रदेशांतील महसुलाची पद्धत अरबांना अपरिचित होती. त्यामुळे जुनेच लेखनिक कामावर राहिले आणि इराकचे हिशेब फार्सीत, तर सिरियाचे ग्रीकमध्ये लिहिले जात. खलीफा अब्द अल्-मलिक (कार. ६८५–७०५) याच्या काळात ते अरबीत आणण्यास प्रारंभ झाला. इराकमध्ये हे काम सालिह इब्न अब्द अल्-रहमान याने केले. त्याने हे काम जमत नसल्याचा बहाणा करावा, म्हणून इराणी लेखनिकांनी त्यास एक लाख दिरहम देऊ केले होते, असे बलाझुरी हा इतिहासकार सांगतो. रक्कम अतिशयोक्त असेल. भीती मात्र खरी होती, कारण भाषा बदलली की त्यांची मक्तेदारी संपणार होती.

अरबी गद्याच्या घडणीत कातिबांचा वाटा मोठा आहे. अखेरचा उमय्या खलीफा दुसरा मरवान याचा चिटणीस अब्द अल्-हमीद (मृ. ७५०) याने आपल्या व्यवसायबंधूंना उद्देशून लिहिलेले पत्र आदर्श मानले गेले. इब्न अल्-मुकफ्फा या इराणी वंशाच्या कातिबाने पंचतंत्राच्या पहलवी रूपांतरावरून कलीला व दिम्ना हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादेत कागद तयार होऊ लागल्यावर दप्तर व ग्रंथव्यवहार दोन्ही वाढले. इब्न कुतैबा (मृ. ८८९) याने कातिबांसाठी भाषाशुद्धीचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला; लेखनिकांचे ज्ञान उथळ होत चालले आहे, ही त्याची तक्रार होती. बिंदूच्या मापाने अक्षरांची प्रमाणे ठरविणारा इब्न मुक्ला (८८६–९४०) तीनदा वजीर झाला. पुढे राजकीय वैरातून त्याचा उजवा हात तोडण्यात आला.

दक्षिणेत ही परंपरा फार्सीच्या द्वारे आली. बहमनी वजीर महमूद गावान (१४११–८१) याने पत्रलेखनशास्त्रावर मनाझिर अल्-इन्शा हा ग्रंथ लिहिला. वऱ्हाडची गाविलगड व माहूर अशी विभागणी त्याच्याच प्रांतरचनेतील. यांपैकी माहूर वाशिम जिल्ह्यातील मानोऱ्याच्या आग्नेयेस आहे. त्याचा अंतही लेखनामुळेच झाला. विरोधकांनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्यास वश करून कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली व त्यावर ओरिसाच्या राजास उद्देशून फितुरीचे पत्र लिहिले. मोहोर आपली आहे, पण मजकूर आपला नाही, असे त्याने सांगूनही सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने त्यास ठार करविले. ज्या व्यवस्थेत राजाचा शब्द म्हणजे मोहोर उमटलेला कागद, तेथे मोहोर राखणारा लेखनिक किती महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसते.

विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (कार. १५३४–५८) हिशेब फार्सीतून काढून ‘हिंदवी’त आणले व ते ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले, असे फिरिश्ता लिहितो. हिंदवी म्हणजे येथे देशभाषा. इराकमध्ये घडले त्याच जातीचा हा बदल; मात्र येथे राज्यकर्त्यांची भाषा मागे पडली आणि रयतेची पुढे आली. मोडीत लिहिणारा मराठी कारकूनवर्ग अशा दप्तरांतूनच वाढला. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकसमयी दबीराचा सुमंत, सुरनीसाचा सचिव व वाकनीसाचा मंत्री झाला आणि फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करण्यात आला. तथापि ‘लिहिणारा’ या अर्थाच्या फार्सी ‘नवीस’वरून आलेली चिटणीस, फडणीस, पोतनीस ही नावे पेशवाईतही टिकली, आज ती आडनावे म्हणून आढळतात.