स्मरणात नाही, ते चित्रात कुठून येणार?

शासकीय रेखाकला परीक्षांचे दिवस जवळ आले की वर्सोवा-अंधेरीतील चित्रकलेच्या शिकवण्यांना गर्दी होते, कारण इंटरमिजिएट परीक्षेची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते. मात्र या घाईत सर्वाधिक हानी होते ती स्मरणचित्राची. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेला प्रसंग तो समोर नसताना मनुष्याकृतींसह रंगवणे. प्रत्यक्षात मार्गदर्शक पुस्तकांतील ठरावीक आकृत्या पाठ करून त्याच कधी बाजारात, तर कधी बागेत बसवल्या जातात आणि वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्याच्या शेजारी राहणारे मूलही पुस्तकातलीच कोळीण काढते, हे खेदजनक आहे.

माणसे पाहायला शिकावे ते जुन्या चित्रकारांकडून. १८९० मध्ये सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आलेल्या आणि पुढे तेथेच शिकवणाऱ्या महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी मुंबईची माणसे रेखाटली. त्यांच्या आकृत्या न्याहाळल्या की माणूस आधी उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतो, हे ध्यानात येते. नवशिक्याने त्यांची रेषा गिरवण्यापेक्षा भार कोणत्या पायावर आहे आणि खांदे कोणीकडे कलले आहेत हे प्रथम टिपावे, मग नेसण पाहावी, आणि चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

रंगासाठी गुरू करावा तो सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांना. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ या त्यांच्या जलरंगचित्रात हाताआड धरलेल्या दिव्याचा उजेड स्त्रीच्या बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर पसरतो. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. तो कोऱ्या राखलेल्या किंवा पातळ थर दिलेल्या कागदातून येतो, म्हणून कुंचला उचलण्यापूर्वीच ‘टोन’ ठरवावे लागतात. टोन म्हणजे रंग कोणताही असो, त्याचा उजळ-गडदपणा. वर्सोव्याच्या धक्क्यावर बसून एकाच करड्या रंगात आकाश आणि पाणी उजळ, खाडीपलीकडचा मढचा किनारा मध्यम आणि नांगरलेल्या होड्या गडद, असे तीनच टोन वापरून पाहिले, तर महागड्या रंगपेटीपेक्षा अधिक शिकता येते. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला सलग थर, अर्धवट वाळला असताना पुन्हा कुंचला फिरवला की डाग पडतो. येथील दमट हवेत तो वाळायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावाच लागतो.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली की वेसाव्याचा धक्का पुन्हा गजबजतो. कलाशिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना परीक्षेपूर्वी काही सकाळी तरी वही-पेन्सिल देऊन तेथे न्यावे आणि पाठ करण्याच्या आकृत्यांची पुस्तके मिटून ठेवावीत.