इटलीच्या डोंगरी शहरात मुक्काम : भाडे पाहावे की झोप?

कापडाच्या व्यापाऱ्याला मालाचा भाव विचारला तर तो नुसता खरेदीचा भाव सांगत नाही. हमाली, वाहतूक, घट, व्याज हे सारे धरून तो पडता भाव काढतो आणि मगच सौद्याला बसतो. हाच माणूस परदेशात गेला की खोलीचे मात्र नुसते भाडे पाहतो आणि जी सर्वांत स्वस्त ती पक्की करून मोकळा होतो. ही चूक आम्हीही केली. २०२४ च्या जूनअखेरीस मध्य इटलीतील पेरुजा या शहरात केलेल्या या चुकीपायी आमची निम्मी ऑर्डर हातची गेली. आपले व्यापारी आणि कारागीर बांधव आता नमुन्यांच्या बॅगा घेऊन युरोपात जाऊ लागले आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव येथे देत आहोत.

शहराची ठेवण

पेरुजा ही उंब्रिया प्रांताची राजधानी. जुने शहर साडेचारशे मीटरहून अधिक उंचीच्या डोंगरावर वसले आहे. रोमन लोकांच्याही आधी येथे एत्रुस्कन लोकांची वस्ती होती. त्यांनी बांधलेली दगडी वेस दोन हजारांहून अधिक वर्षे झाली तरी आजही उभी आहे. रेल्वेचे मुख्य स्टेशन फोंतिवेज्जे हे मात्र डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथून वर जाण्यासाठी बस आहे आणि २००८ पासून मिनीमेट्रो नावाची छोट्या डब्यांची गाडी आहे. शिवाय पार्तिज्यानी चौकातून सरकते जिने वर जातात. हे जिने १९८३ मध्ये सुरू झाले. ते रोक्का पाओलीना या किल्ल्याच्या पोटातून जातात. सोळाव्या शतकात पोप पॉल तिसरा याने बंडखोर शहराला वचक बसवण्यासाठी जुन्या वस्तीच्या डोक्यावरच हा किल्ला बांधला. आज त्या गाडलेल्या गल्ल्यांमधून लोक बाजाराला जातात.

वर गेल्यावर कोर्सो वान्नुच्ची हा मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला मोठे चर्च आणि १२७८ मध्ये पूर्ण झालेले दगडी कारंजे. येथे जुने विद्यापीठ आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे विद्यापीठही आहे. त्यामुळे तरुणांची गर्दी मोठी. संध्याकाळ झाली की चर्चच्या पायऱ्यांवर शेकडो मुले-मुली येऊन बसतात आणि रात्री उशिरापर्यंत आसपासच्या गल्ल्या जाग्या असतात.

कापडवाल्याला या शहराचे एक वेगळे अगत्य वाटते. मध्ययुगात येथे पांढऱ्या जमिनीवर निळ्या पट्ट्यांची टेबलक्लॉथे विणली जात. त्या पट्ट्यांत पक्षी आणि काल्पनिक प्राणी असत. हा माल दूरवर जाई. १९२१ मध्ये जुदित्ता ब्रोत्सेत्ती या बाईंनी सुरू केलेल्या हातमागशाळेत ही वीण आजही जिवंत आहे. तेराव्या शतकातील एका जुन्या चर्चच्या इमारतीत जॅकार्डचे हातमाग चालतात. सोलापूरची चादर ज्याने पाहिली आहे, त्याला तेथे काहीच परके वाटणार नाही.

आमची चूक

प्रातो येथील कामे आटोपून आम्ही पुतण्यासह पेरुजाला निघालो. सुती टेबलक्लॉथ आणि नॅपकिनचा एक व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता भेटणार होता. पुतण्याने मोबाईलवर दोन जागा काढून दाखवल्या. एक मुख्य चौकाजवळ ५२ युरोची, दुसरी वेशीजवळच्या जुन्या वस्तीत ६८ युरोची. आम्ही म्हणालो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सोळा युरो कशाला घालवायचे? शिवाय आवाजाची भीती आम्हाला कोण घालणार! आमचे बालपण लूमच्या खडखडाटात गेले आहे.

गाडी उशिरा पोहोचली. मिनीमेट्रो रात्री उशिरापर्यंत चालत नाही, ती बंद झाली होती. टॅक्सीने १५ युरो घेतले आणि गल्ली अरुंद म्हणून चौकातच उतरवले. नमुन्यांच्या दोन बॅगा दगडी चढावरून ओढत नेल्या. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली दारूचा बार. पंखा नाही, एसी नाही. खिडकी लावली तर जीव गुदमरे, उघडली तर खालचा गोंगाट थेट उशाशी.

तेव्हा कळले की लूमचा आवाज आणि हा आवाज यांत फरक आहे. लूम एका तालात चालतो, त्याची सवय होते. खरे तर तो बंद पडला की जाग येते. येथे मात्र मध्येच हशा, मध्येच बाटली फुटणे, मध्येच स्कूटर. अडीच वाजता शांत झाले. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊला काही मिनिटे उरली असताना मावळतो आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास उगवतो. म्हणजे इशा आणि फजर यांच्यामध्ये जेमतेम चार-साडेचार तास. ते सगळे बारवाल्याच्या गिऱ्हाइकांनी खाल्ले. फजर पढून डोळा लागतो न लागतो तोच कचऱ्याची गाडी आली आणि मग चर्चची घंटा.

नऊ वाजता आम्ही जांभया देत सौद्याला बसलो. समोरच्याने ५० नंबर सुताच्या कापडाचा भाव विचारला. तो बोलत होता मेट्रिक नंबरात. मेट्रिक ५० म्हणजे आपल्या सुती काउंटात जवळपास ३०. ही गोष्ट आम्ही तीस वर्षे जाणतो. पण त्या दिवशी डोके चालले नाही आणि आम्ही आपल्या ५० काउंटचा, म्हणजे कितीतरी बारीक आणि महाग सुताचा भाव सांगून बसलो. त्याने नमुना शांतपणे बाजूला ठेवला. दुपारी चूक लक्षात आली, निरोप पाठवला, तो सज्जन पुन्हा भेटलाही. पण तोवर निम्मा माल त्याने दुसरीकडे सांगितला होता.

आता पडता भाव काढा. भाडे ५२, टॅक्सी १५, बाहेरचा नाश्ता ८, झाले ७५ युरो. दुसऱ्या जागेचे ६८ मध्ये नाश्ता होता आणि ती बसच्या थांब्याजवळ, सपाट रस्त्यावर होती. ऑर्डरचा तोटा तर हिशेबात धरलेलाच नाही. पुतण्या एवढेच म्हणाला, "चाचा, फोटोत आवाज दिसत नाही."

दुसरी जागा

पुढच्या दोन रात्री आम्ही त्या दुसऱ्या जागी काढल्या. सान प्येत्रो वेशीकडच्या भागातील हे अतिथिगृह ख्रिस्ती सिस्टर चालवतात. इटलीत अशी शेकडो घरे आहेत. त्यांना 'काझा पेर फेरिये' म्हणतात. खोल्या साध्या, स्वच्छ, आतल्या अंगणाकडे उघडणाऱ्या. दारू नाही, टीव्हीचा गोंगाट नाही. रात्री अकराला मुख्य दार बंद होते. पर्यटकांना ही अट जाचक वाटते, आपल्यासारख्याला ती सोयीची आहे.

मुसलमानाने तेथे राहावे का, हा प्रश्न आमच्या मनातही आला. खोलीत भिंतीवर क्रॉस होता. होकायंत्राने किब्ला पाहिला. पेरुजाहून तो आग्नेयेला येतो. ती खिडकीची बाजू निघाली आणि क्रॉस पाठीमागे राहिला. समोर असता तर सिस्टरना नम्रपणे विचारले असते. आम्हाला त्या वेळी सीरतच्या पुस्तकांतील नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची आठवण झाली. त्यांना खुद्द मस्जिदे नबवीत उतरवून घेतले होते. पाहुणचाराचा धागा जुना आहे. तरीही ज्याच्या मनाला शंका वाटेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे आणि दुसरी जागा पाहावी. जागा पुष्कळ आहेत.

खोली ठरवण्यापूर्वी काय विचारावे

पहिले, खोली रस्त्यावर आहे की अंगणाकडे? इटालियनमध्ये अंगणाकडची म्हणजे 'सुल कोर्तीले' आणि शांत खोली म्हणजे 'कामेरा सिलेंत्सिओझा'. हे दोन शब्द लिहून ठेवा. खाली बार किंवा हॉटेल आहे का आणि खिडकीला दुहेरी काच आहे का, तेही विचारा. दुहेरी काच असेल तर उन्हाळ्यासाठी एसीही हवा, नाही तर ती काच उघडावीच लागते.

दुसरे, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का? जुन्या दगडी घरांत बहुधा नसते. नकाशावर शंभर मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दीडशे पायऱ्यांचे असू शकते.

तिसरे, तारखा. पेरुजात जुलैमध्ये १९७३ पासून चालत आलेला मोठा संगीत महोत्सव असतो. त्या दिवसांत खोल्या महाग आणि रात्री जाग्या. प्रत्येक डोंगरी शहराचा असा एखादा उत्सव असतो, तो टाळून भेटी ठरवा.

चौथे, भाड्याखेरीज काय? इटलीतील बहुतेक पर्यटक शहरांत दर माणशी, दर रात्री नगरपालिकेचा वेगळा कर असतो. तो धरूनच तुलना करा. हॉटेलच्या ताऱ्यांवर जाऊ नका. तारे सोयींचे असतात, शांततेचे नसतात. खेड्यातील शेतघरे, म्हणजे 'आग्रितुरिझमो', शांत आणि बऱ्याचदा स्वस्त असतात, पण तेथे गाडीशिवाय पोहोचणे अवघड. ज्याचे काम शहरात आहे त्याचे वाचलेले भाडे टॅक्सीत जाते.

पाचवे, कागदपत्रे. २०२५ च्या जानेवारीपासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे. जाहिरातीत तो नसेल तर ते घर सोडून द्या. मालक पासपोर्ट मागतो, कारण प्रत्येक पाहुण्याची नोंद त्याला पोलिसांकडे करावीच लागते. हा नियम सर्वांना सारखा आहे, आपले नाव पाहून कोणी चौकशी करत आहे असे समजू नये. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, म्हणून रद्द करता येईल असेच बुकिंग करावे.

आपल्या गरजा

तहारतची चिंता इटलीत कमी आहे. १९७५ च्या सरकारी नियमानुसार घरातील एका तरी न्हाणीघरात बिदे, म्हणजे बसून धुण्याचे भांडे, असावेच लागते. हॉटेलांतही ते बहुधा असते. जेवणाचे मात्र जपावे. उंब्रिया हा डुकराच्या मांसासाठी नावाजलेला मुलूख आहे आणि रोटी-बिस्किटांतही त्याची चरबी असू शकते. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात, हा शब्द विचारून घ्यावा. दोन-तीन दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. डाळ-भात शिजवता आला की खर्चही वाचतो आणि मनही निश्चिंत राहते.

प्रवास माणसाची झोप आणि जेवण हिरावतो, हे हदीसमध्ये सांगितलेलेच आहे. त्यातले जेवढे आपल्या हातात आहे तेवढे तरी सांभाळावे. काटकसर ही व्यापाऱ्याची शोभा आहे, पण जी काटकसर फजरची नमाज जड करते आणि सकाळचा सौदा बिघडवते, ती काटकसर नव्हे, घाट्याचा व्यवहार आहे. पुन्हा पेरुजाला जाण्याचा योग आला तर, इन्शाअल्लाह, आम्ही भाडे शेवटी विचारू. आधी विचारू, खिडकी कोणत्या बाजूला उघडते?