आजीचा गुडघा आणि काठावर पास

"आजी, आता हलू नकोस हं."

भाचीने माझ्या आईच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटांनी चाचपलं. हाडाचा एक उंचवटा सापडल्यावर तिथे प्लास्टिकच्या पट्टीची खिळी टेकवली. या पट्टीला दोन हात असतात. एक स्थिर, तो मांडीवरून वर खुब्याच्या हाडाकडे रोखायचा. दुसरा फिरता, तो पोटरीवरून खाली घोट्याच्या बाहेरच्या टेंगळाकडे. आईने पाय जमेल तेवढा दुमडला. भाचीने मान वाकडी करून आकडा वाचला, "112."

"अगं, मला मांडी घालता येईल का ते सांग. आकडे काय चाटायचेत?"

बदलापूर गावातल्या आमच्या जुन्या घरात हा प्रकार रोज संध्याकाळी चाले, कारण भाचीची फिजिओथेरपीची परीक्षा तोंडावर होती आणि घरात हुकमी दुखरा गुडघा एकच होता. मी सुरुवातीला गंमत म्हणून बघत होते. मग लक्षात आलं की आईचा प्रश्न आणि भाचीचा आकडा ही एकच गोष्ट आहे.

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण 60 ते 65 अंश दुमडतो. जिने चढायला 85-90 लागतात. बुटक्या खुर्चीतून उठायचं तर 105 च्या आसपास. उकिडवं बसायला किंवा जमिनीवर ऐसपैस मांडी ठोकायला मात्र 130 च्या पुढे जावं लागतं. म्हणजे 112 अंशांत आई स्टेशनचा पूल चढू शकत होती, सोफ्यावरून उठू शकत होती, पण पाटावर बसू शकत नव्हती. तिचा गुडघा खुर्चीवाला झाला होता. जिथे सगळं आयुष्य खुर्चीवर जातं त्या देशात डॉक्टरांनी हा गुडघा उत्तम म्हणून घरी पाठवला असता. नेमकी हीच अडचण कृत्रिम पायांची होती. बाहेरून येणारे पाय बूट घालून चालणाऱ्यांसाठी घडवलेले. म्हणून 1968 च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, शेतात उतरता येईल असा रबरी पाय केला. जयपूर फूट तो हाच.

एकदा मीही पट्टी हातात घेतली. माझ्या मोजणीत आईचा गुडघा 120 भरला आणि मी पेढे वाटायच्या तयारीत होते. भाची हसली. माझी खिळी बोटभर सरकली होती. दोन माणसांच्या मोजणीत पाचेक अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून तेवढी वाढ सुधारणा म्हणून धरतच नाहीत. मी तर त्याहून जास्त घोळ घातला होता.

रात्री ओटीवर तिचा खरा अभ्यास सुरू व्हायचा. पाठकोऱ्या कागदांवर ती पुन्हा पुन्हा एकच आकृती काढी: मानेतून निघणाऱ्या पाच मज्जामुळांची. पाचांची तीन खोडं होतात, तीन खोडांच्या सहा फांद्या, सहांच्या पुन्हा तीन दोऱ्या, आणि त्यांतून हाताकडे जाणाऱ्या पाच मोठ्या नसा. पाठ करताना पोरं घायकुतीला येतात. मला ते कल्याण जंक्शन वाटलं, जिथे कर्जतची लाइन एकीकडे जाते, कसाऱ्याची दुसरीकडे.

"पण मावशी, हे वेगळं होऊन परत जुळतं," ती म्हणाली.

मग का ते सांगितलं. या गुंत्यामुळे हाताच्या बहुतेक स्नायूंना एकाहून जास्त मुळांचे धागे मिळतात. एक मूळ दुखावलं तर स्नायू दुबळा होतो, पण सहसा सगळाच बंद पडत नाही. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी चढलं तेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर माणसांसकट अडकून पडली होती. रुळांना दुसरी वाट नव्हती. खांद्याला आहे.

तिचा उरलेला अभ्यास लोकलमध्ये. पुस्तक उघडायला जागा नसते, पण शरीर तोल कसा सावरतं हा धडा तिने तिथेच पक्का केला. उभ्याने हलका झोका बसला तर माणूस फक्त घोट्यातून झुलतो. जोराचा बसला तर कमरेतून वाकतो. त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकतो. फे होराक आणि लुईस नॅशनर या अमेरिकन संशोधकांनी 1980 च्या दशकात सरकत्या फळीवर माणसं उभी करून घोट्याच्या आणि कमरेच्या या युक्त्या तपासल्या. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये तिसऱ्या युक्तीला वावच नसतो. तिथे शेजारणीचा खांदा ही चौथी युक्ती. ती पुस्तकात नाही.

सगळ्यात थक्क केलं ते स्नायूंना मार्क देण्याच्या पद्धतीने. शून्य ते पाच. स्नायू अजिबात हलला नाही तर शून्य, नुसता फुरफुरला तर एक. पाच म्हणजे धडधाकट. मधली रेघ कोणी आखायची? इथे चक्क पृथ्वीला परीक्षक नेमलंय. तिच्या ओढीविरुद्ध पाय पूर्ण उचलला तर तीन. नाही उचलला तर रोग्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे पाय आडवा सरकेल आणि वजन उचलावं लागणार नाही. तसा हलला तर दोन. एक रुपयाचंही यंत्र नाही, आणि बदलापूर असो की बॉस्टन, वजन जवळपास तेच. ही कल्पना बॉस्टनचीच. डॉ. रॉबर्ट लव्हेट यांच्याकडे पोलिओची मुलं येत. त्यांच्या सहायक विल्हेल्मीन राइट यांनी 1912 मध्ये ही पद्धत लिहून काढली.

पोलिओचाच धागा मुंबईपर्यंत येतो. परळच्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीची शाळा निघाली, तिच्यामागे शहरातली पोलिओची साथ होती. पण त्याच आवारात 1950 मध्येच आणखी एक शाळा सुरू झालेली होती, ऑक्युपेशनल थेरपीची. ती काढणाऱ्या कमला निंबकर. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी, लग्न करून इकडे आलेल्या. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर त्यांचे चिरंजीव, आणि फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. दोन्ही विद्यांमधला फरक भाचीने आईला असा समजावला: फिजिओ तुझा गुडघा वाकवायला बघणार, ओटी तुझं काम कसं होईल ते बघणार, त्यासाठी मोरीतला नळ वर घ्यावा लागला तरी चालेल.

"ओटी?" आई म्हणाली. "खणा-नारळाची?"

आता परीक्षेबद्दल. आपल्याकडे लेखीत वेगळे आणि प्रात्यक्षिकात वेगळे निम्मे गुण मिळवले की पास. निम्मेच का, हे मला कधी सुचलंच नव्हतं. भाचीची एक सीनियर अमेरिकेतल्या परवाना परीक्षेला बसत होती. तिथे निकाल 200 ते 800 च्या मापावर येतो आणि पासाची रेघ 600 ला असते. हे 600 प्रश्न नव्हेत, टक्केही नव्हेत. शिवाय पेपरात काही प्रश्न नुसते चाचपणीचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे बसणाऱ्याला कळत नाही.

अशा परीक्षांची रेघ ठरवायची एक प्रसिद्ध रीत आहे. जाणकारांची समिती बसते. प्रत्येकाने डोळ्यांसमोर एक माणूस आणायचा: कसाबसा, पण लायक. हुशार नको, ढ नको. ज्याच्या हाती आपल्या आईचा गुडघा द्यायला मन धजावेल, पण जेमतेम. मग प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, अशा शंभर जणांतले किती याचं उत्तर बरोबर देतील? कुठे 80, कुठे 45. सगळे अंदाज एकत्र केले की पासाची रेघ मिळते. पेपर अवघड निघाला तर रेघ आपोआप खाली येते. आपण ज्याला नाक मुरडून "काठावर पास" म्हणतो, त्यालाच मध्ये उभा करून अख्खी परीक्षा बेतलेली! विल्यम अँगॉफ यांचं नाव या रीतीला मिळालं. 1971 च्या एका जाडजूड ग्रंथातल्या प्रकरणात त्यांनी ती मांडली, आणि तिचं आज चालतं ते रूप होतं एका तळटिपेत. मूळ कल्पना लेडयार्ड टकर या सहकाऱ्याची, असंही त्यांनी सांगून टाकलं होतं. आपल्याकडे 2021 च्या कायद्याने फिजिओ-ओटीसारख्या क्षेत्रांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्यात सामाईक एक्झिट किंवा परवाना परीक्षेची तरतूद आहे. तेव्हा हा काठावरचा माणूस आपल्याकडेही बोलवावा लागेल. तो अंबरनाथ-उल्हासनगरच्या दवाखान्यांत काम करणारा असावा, मांडी म्हणजे काय ते त्याला ठाऊक असावं, एवढीच माझी सूचना.

परीक्षेच्या आदल्या रविवारी भाचीने शेवटचं माप घेतलं. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर 121. नऊ अंश वाढले होते, म्हणजे मोजणीतल्या चुकीपलीकडचे. आईने लगेच पाट मागितला.

"नाही आजी, अजून नऊ कमी आहेत."

आई काही बोलली नाही. दुपारी पानं घेतल्यावर तिने स्वतःच कोनाड्यातले दोन पाट काढले, एकावर एक ठेवले, भिंतीला हात लावत सावकाश टेकली आणि पाय सैलसर दुमडून घेतले. भाची पट्टी घेऊन धावली, मग थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "ही ओटी झाली."

"भात वाढ आधी," आई म्हणाली.