हात गेला तरी हुकूम जातोच

सोयाबीनची मळणी सुरू झाली की चारठाण्यात आणि साऱ्या जिंतूर तालुक्यात मळणीयंत्रांची घरघर ऐकू येते. यंत्राच्या तोंडात माल लोटणारे हात बहुतेक मजुराचेच. एक बाही रिकामी लोंबत असलेली माणसं आपल्या वस्त्यांना नवी नाहीत. हात गेला म्हणजे कमाई गेली आणि कॉम्प्युटरचं काम तर आपलं नव्हेच, असं घरातलेही धरून चालतात. हे निम्मंच खरं आहे.

एक करून बघा. उजव्या हाताची बाही वर सारा, डाव्या हातानं कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजवी बोटं एकेक करून हलवा. आत काहीतरी सरकल्यासारखं लागेल. बोटं ओढणारे मोठे स्नायू तळहातात नाहीत, ते इथं आहेत. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून इथवर येतो आणि स्नायू आकसताना बारीक वीज तयार होते. कातडीवर ती व्होल्टच्या हजाराव्या भागाइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी भरते. कातडीवर चकत्या लावून ती मोजताना झटका बसत नाही, दुखतही नाही.

म्हणून मनगटापासून हात गेला, तरी ‘मूठ वळ’ असं मनात आणताच कोपराखालचे स्नायू अजून ताणतात. या इशाऱ्यावर चालणारा कृत्रिम हात सोव्हिएत रशियात 1960 च्या सुमारासच तयार झाला होता. आता तोच इशारा कॉम्प्युटरला देतात. हातमोज्यात किंवा पट्ट्यात चकत्या बसवतात, इशारा कित्येक पटींनी मोठा करतात, आणि कोणता ताण म्हणजे क्लिक, कोणता म्हणजे पान सरकवणं, हे यंत्राला शिकवतात. मोज्याला पंजा लागतो. पट्टा कोपराखाली बांधला की पंजा नसला तरी चालतं. फरक लहान वाटतो, पण आपल्या माणसासाठी सगळं त्यातच आहे.

मेटा कंपनीनं मनगटावरचा असा पट्टा सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत विकायला काढला. चष्म्यासह 799 डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास. आपल्याला परवडेल ती गोष्ट नव्हे. शिवाय घाम आला, पट्टा बोटभर सरकला, की यंत्र चुकतं. स्नायूपर्यंत येणारी नसच पूर्ण तुटली असेल, तर तिथं इशाराही मिळत नाही.

मग आज काय? जखम भरली की डॉक्टरांना विचारून नसलेली बोटं मनातल्या मनात उघडा, मिटा. स्नायू वापरात राहिला तरच पुढं कामाला येईल. नसलेल्या बोटात कळ किंवा मुंग्या येतात, त्याला कुणी भुताटकी म्हणेल. ती नसांची गोष्ट आहे, डॉक्टरांना सांगावी, अंगाऱ्याला जाऊ नये. मुंबईत हाजीअलीला 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम हाताची चौकशी तिथं करता येते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरांना साधनं मोफत मिळतात.

त्याआधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढा. 2016 च्या कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना सरकारी नोकरीत किमान 4 आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा आहेत. हात गेलेली पोरगी दहावीला असेल, तर हा कागद कृत्रिम हाताच्याही आधी हवा.

आणि पट्ट्याची वाट बघत बसायचं कारण नाही. मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. एका हातानं टंकलेखन शिकता येतं. विहारात जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, तर तो या पोरांना आधी द्या.