पेट्रोल, वीज की दोन्ही? संकरित मोटारींचा वाद

मोटार पेट्रोलवर चालावी की विजेवर, हा प्रश्न आपल्याकडे आता घरोघरी पोहोचला असला, तरी मोटार उद्योगात त्याची चर्चा गेली तीन दशके चालू आहे. १९९० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मोठ्या मोटार कारखान्यांवर एक दंडक घातला. १९९८ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या त्यांच्या मोटारींपैकी दोन टक्के मोटारी धूर न सोडणाऱ्या असाव्यात, असा तो दंडक होता. १९९६ मध्ये तो शिथिल करण्यात आला. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र मागे पडला नाही.

या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे पुढे आली, त्यांत संकरित म्हणजेच हायब्रिड मोटारीचे स्थान महत्त्वाचे आहे.

संकरित म्हणजे काय?

संकरित मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते, तसेच विजेवर चालणारे यंत्र व बॅटरीही असते. साध्या मोटारीत ब्रेक लावला की, गतीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संकरित मोटारीत तिच्यातील काही भाग वीज बनून बॅटरीत साठतो आणि मोटार पुन्हा निघताना उपयोगी पडतो. साहजिकच, वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रहदारीत पेट्रोलची बचत अधिक होते. मात्र या मोटारीची सारी ऊर्जा अखेर पेट्रोलमधूनच येते.

प्लग-इन संकरित मोटार याच्या एक पाऊल पुढे जाते. तिची बॅटरी मोठी असून ती घरच्या विजेवर भरता येते. रोजचा जवळचा प्रवास विजेवर व्हावा आणि लांबच्या प्रवासात पेट्रोल हाताशी असावे, अशी ही योजना आहे.

दोन कारखाने, दोन मते

जपानच्या टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रियस’ ही संकरित मोटार बाजारात आणली. लहान बॅटरी, माफक वाढीव किंमत आणि विजेच्या जोडणीची गरज नाही, हे तिचे सूत्र होते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने जानेवारी २००७ मध्ये ‘व्होल्ट’ या प्लग-इन मोटारीचा नमुना सादर केला व डिसेंबर २०१० मध्ये ती विक्रीस आणली. तिच्या बॅटरीची क्षमता १६ युनिट वीज साठविण्याची होती. प्रियसच्या बॅटरीच्या मानाने ही क्षमता दहापटीहून अधिक होती. एकदा भरलेल्या बॅटरीवर व्होल्ट सुमारे ५६ किलोमीटर जात असे.

वादाचे मूळ बॅटरीच्या किमतीत होते. त्या सुमारास एक युनिट साठविण्याच्या क्षमतेस हजार डॉलरच्या घरात खर्च येत असे. या हिशेबाने १६ युनिटांची बॅटरीच सोळा हजार डॉलरची होते. तिचे वजनही सुमारे दोनशे किलो होते. व्होल्टची किंमत ४१ हजार डॉलर ठेवावी लागली आणि तीवर अमेरिकन शासनाने साडेसात हजार डॉलरची करसवलत दिली. इतकी महाग बॅटरी एका मोटारीत घालण्यापेक्षा लहान बॅटरीच्या अनेक मोटारी रस्त्यावर आणल्यास एकूण इंधन अधिक वाचेल, असा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद होता.

काळाचा निर्णय

प्रारंभी काळाने टोयोटाच्या बाजूने कौल दिला. २०१७ च्या आरंभापर्यंत या कंपनीच्या एक कोटी संकरित मोटारी विकल्या गेल्या, तर व्होल्टचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. परंतु बॅटरीच्या किमतीविषयीचे अंदाज मात्र चुकले. २०२४ मध्ये एका युनिटच्या क्षमतेची किंमत सरासरी ११५ डॉलरपर्यंत उतरली. त्यामुळे केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारी पुढे आल्या. चीनच्या बीवायडी कंपनीने मार्च २०२२ पासून निव्वळ पेट्रोलच्या मोटारी बनविणे थांबवून विजेच्या व प्लग-इन मोटारींवर सारा भर दिला. जनरल मोटर्सनेही जानेवारी २०२४ मध्ये प्लग-इन मोटारी पुन्हा आणण्याचे जाहीर केले.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, प्लग-इन मोटारींचे रस्त्यावरील प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदोपत्री आकड्याच्या सुमारे साडेतीनपट आढळले. याचे एक प्रमुख कारण म्हणजे मालक त्या अपेक्षेइतक्या विजेवर भरत नाहीत. यंत्र कितीही चांगले असले, तरी त्याचा लाभ वापरणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो.

आपल्याकडील हिशेब

भारतात प्लग-इन मोटारी महागड्या वर्गापुरत्याच राहिल्या. येथील वाद आहे तो संकरित मोटार आणि पूर्ण विजेची मोटार यांमध्ये. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारींवर पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनुसार लहान संकरित मोटारींवर १८ टक्के, तर मोठ्यांवर ४० टक्के कर पडतो. मारुती सुझुकी व टोयोटा यांनी संकरित मोटारींची बाजू घेतली आहे, तर टाटा मोटर्स व महिंद्र यांचा भर विजेच्या मोटारींवर आहे.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपली बरीचशी वीज कोळशापासून तयार होते आणि सरासरीने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरला १५ युनिट लागतात असे धरल्यास तो साडेदहा किलो होतो. तेवढ्याच अंतरास साधी मोटार सहा लिटर पेट्रोल घेत असेल, तर सुमारे १४ किलो, आणि संकरित मोटार चार लिटर घेत असेल, तर सुमारे ९ किलो वायू बाहेर पडतो. हा हिशेब ढोबळ असला, तरी आजचे अंतर फार नाही, हे त्यावरून दिसते. मात्र सौर व पवन विजेचा वाटा वाढेल, तशी विजेची मोटार आपोआप अधिक स्वच्छ होईल. पेट्रोलच्या मोटारीला ती सोय नाही. शिवाय विजेच्या मोटारीचा धूर गावातील व शहरातील माणसांच्या नाकातोंडात जात नाही.

महाराष्ट्राने २०१८, २०२१ व २०२५ अशी तीन विद्युत वाहन धोरणे स्वीकारली. चाकण येथे विजेच्या मोटारी तयार होतात, तर जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. म्हणजे या वादातील दोन्ही पक्षांचे राज्याशी नाते जडले आहे.

पंचायतीने वा कार्यालयाने नवे वाहन घेताना केवळ किंमत पाहणे पुरेसे नाही. वाहन रोज किती किलोमीटर धावणार, रात्री ते कोठे उभे राहणार, तेथे वीजजोडणी आहे काय आणि वीज किती तास टिकते, या चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. रोजचा फेरा ठरलेला असेल व वीज खात्रीची असेल, तर विजेचे वाहन फायद्याचे ठरेल. फेरा अनिश्चित व वीज बेभरवशाची असेल, तेथे संकरित वाहनाचा विचार करणे शहाणपणाचे होईल. मोटार कारखान्यांचा वाद कारखाने सोडवतील. आपल्या गावापुरता निर्णय मात्र गावाची गरज ओळखूनच घ्यावयास हवा.