ओसाड वाड्याचा फोटो कसा काढावा

कळवण तालुक्यात चणकापूर धरणाच्या खालच्या अंगाला, गिरणेच्या काठावरच्या एका गावात मी तीन वर्षं एकाच वाड्याचे फोटो काढतो आहे. घडीव दगडाचं जोतं अजून शाबूत आहे. ओसरीचे चार सागवानी खांब उभे आहेत, मागचं धाबं मात्र अर्धं खाली बसलं आहे आणि भिंतीच्या भेगेतून पिंपळ वर आला आहे. पहिल्या दिवशी पाराजवळ वाट विचारली तर एक पोरगा म्हणाला, "तिकडं कशाला जाता दादा? रात्री बाई किंचाळती तिथं." असे वाडे या भागात आणखीही पाहिले. घराला आधी कुलूप लागतं, भूत मागाहून लागतं. फोटो काढायचा तर आधी हा क्रम समजून घ्यायला हवा, कारण कॅमेरा कुठे लावायचा हे त्यावरच ठरतं.

मातीचं धाबं दरवर्षी माणूस मागतं. पावसाळ्यापूर्वी वर चढायचं, उगवलेलं गवत काढायचं, नवी माती टाकून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. एक वर्ष हे राहिलं की धाबं गळतं. पाणी कडीपाटात मुरतं, मग वाळवी येते, आणि काही पावसाळ्यांत एखादी तुळई मधोमध वाकते. माणूस तिथे का राहिला नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं. पोरं नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागली, म्हातारी माणसं गेली, उताऱ्यावर दहा-बारा वारसांची नावं चढली. सामाईक घरावर एकट्याने खर्च कोण करणार? वाटणी होत नाही, विक्रीही होत नाही. संध्याकाळी दिवा लागायचा बंद झाला की गावाला त्या अंधाराचं काहीतरी कारण लागतं. भाऊबंदकी उघड बोलता येत नाही, भुताचं नाव घेता येतं.

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं नाही, मालक शोधण्याचं. गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, कळवण शहरात नगरपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत आणि जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मिळकत पत्रिकेवर नाव सापडतं. घर पडकं असलं तरी बेवारस नसतं. परवानगीवाचून कुंपण ओलांडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. पण मला कायद्यापेक्षा दुसरं कारण मोठं वाटतं. परवानगी मागायला गेलात की घराची गोष्ट हाती येते. या वाड्याच्या वारसांपैकी एक आजी शेजारच्याच आळीत राहतात. त्या म्हणाल्या, "काढ बाबा फोटो. पण माजघरात डाव्या हाताला देवाचा कोनाडा आहे, तिथं चप्पल घालून जाऊ नको." तोवर मी त्या कोनाड्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आज माझ्याकडे त्या वाड्याचा जो सगळ्यात चांगला फोटो आहे, तो त्याच कोनाड्याचा आहे. आत काही नाही, फक्त तेलाच्या काजळीचा एक लांबट काळा डाग. कितीतरी वर्षं तिथे रोज दिवा लागत होता, हे सांगायला तेवढा डाग पुरतो.

दुसरं काम, दिवसाउजेडी पाहणी. पहिल्या फेरीला कॅमेरा पिशवीतच ठेवा. हातात काठी, पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, तोंडाला मास्क आणि सोबत एक माणूस. धाब्यावर चढू नका, कितीही चांगला कोन मिळत असला तरी. पाऊस नुकताच उघडला असेल तर आत जाऊच नका. भिजलेली मातीची भिंत बऱ्याचदा पावसात तग धरते आणि नंतर बसते. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे टॉर्च मारा. तिथे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे असं समजा आणि त्या खणाखाली उभे राहू नका. रचलेल्या दगडांत, पडक्या लाकडाखाली नाग, घोणस, मण्यार असू शकतात, म्हणून हात घालण्याआधी काठी घाला. वटवाघळांची वाळलेली विष्ठा पायाने उडवू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. परसातली विहीर गवताने झाकलेली असते. ती कुठे आहे हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या आणि तिच्याभोवती चुन्याची खूण करा.

याच पाहणीत किंचाळणारी बाई सापडते. या वाड्याच्या माजघरात एका तुळईखाली जमिनीवर पांढरे ओघळ होते आणि शेजारी अंगठ्याएवढे करडे-काळे गोळे पडले होते. एक गोळा काडीने उकलला. आत उंदरांचे केस, बरगड्या आणि एक अख्खी चिमुकली कवटी. हे गव्हाणी घुबडाचं काम. हे घुबड इतर घुबडांसारखं घुमत नाही, लांब खरखरीत किंकाळी मारतं. त्याची पिल्लं भूक लागली की घोरल्यासारखा, फुसफुसल्यासारखा आवाज रात्रभर करतात. पोट आणि तोंड पांढरं, आणि पिसांची कड कंगव्यासारखी असल्याने उडताना आवाज जवळजवळ नाहीच. काळोखात डोक्यावरून पांढरं काही निःशब्द सरकलं आणि मागून किंकाळी आली, तर कुणाचीही छाती धडधडेल. ज्याने ते पाहिलं तो खोटं बोलत नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. त्याने लावलेला अर्थ तेवढा चुकला.

घुबडाचं घरटं दिसलं तर तो कोपरा सोडून द्या. फ्लॅश मारू नका, अंड्यांचे फोटो काढू नका, ठिकाण कुणाला सांगू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली या पक्ष्याला संरक्षण आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली आणि मारली जातात. कांद्या-मक्याच्या शेतात उंदीर खाणारा इतका कामाचा शेजारी दुसरा नाही.

आता उजेड. चौकाच्या वाड्यात उजेड वरून येतो आणि चौकातून खोल्यांत शिरताना पायरी-पायरीने मंद होत जातो. ही उतरण टिपली की वाडा कळतो. सकाळी आठ ते दहा ओसरी, दुपारी चौक, आणि माजघर ढगाळ दिवशी. कळवणला एक विशेष वेळ साधता येते. मे महिन्याच्या २२ ते २४ तारखांच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हा इथला शून्य सावलीचा दिवस. त्या काही मिनिटांत ऊन चौकाच्या तळापर्यंत सरळ उतरतं, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच राहते. एरवी काळवंडलेली फरशी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण दिसते. सूर्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातही पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

आतल्या खोलीत कॅमेरा ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला, अगदी समपातळीत ठेवा. वाइड लेन्स वर-खाली झुकवली की भिंती तिरक्या दिसतात. भीतीचा परिणाम साधायला मुद्दाम असं करतात, मला ते पटत नाही. भिंत खरोखर किती झुकली आहे हे फोटोत दिसलं पाहिजे, उद्या दुरुस्तीचा विचार झाला तर तोच पुरावा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि शटर उजेड मागेल तेवढा: माजघरात ८ ते १५ सेकंद सहज लागतात. बटण दाबताना हात हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. दारातून ऊन येत असेल तर एकाच जागेवरून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने पाच फोटो घ्या आणि नंतर जोडा, म्हणजे दारही जळत नाही आणि कोपराही काळा पडत नाही. मोबाइल असला तरी अडत नाही. तो स्टँडला लावा, नाइट मोड चालू करा आणि उजेडाची पातळी बोटाने दाबून स्थिर करा.

एक प्रयोग जरूर करा. खोली अंधारी करून शटर ३० सेकंद उघडं ठेवा. टॉर्चला पातळ कागद बांधून उजेड भिंतीवर समोरून न मारता अगदी बाजूने, भिंतीला घासून जाईल असा फिरवा. हात थांबू देऊ नका. त्या वाड्यात मी हे केलं आणि फोटोत लिंपणावर बोटांचे अर्धगोल उमटले, एकाशेजारी एक, खांद्याच्या उंचीपर्यंत. त्याहून वर हात पोहोचला नव्हता, तिथे दुसऱ्या, मोठ्या पंजाच्या खुणा होत्या. दोघींनी मिळून ती भिंत लिंपली होती. दिवसाच्या उजेडात हे काहीच दिसत नाही.

रात्रीचे फोटो घरात जाऊन नव्हे, अंगणातून काढा. पौर्णिमेच्या चांदण्यात आयएसओ ८००, एफ/४ आणि १० ते २० सेकंद पुरतात. दिवसासारखेच रंग येतात, फक्त आकाशात तारे असतात. वाड्याच्या उत्तरेला आकाश मोकळं असेल तर ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी वर सापडतो. अमावास्येच्या आसपास तासभर सलग फोटो घेऊन जोडले तर तारे त्याच्याभोवती १५ अंशांचे कंस काढतात. घरावर कुठे पत्रा टाकलेला असेल तर थंडीत त्याचा टकटक आवाज येईल. २० फुटी पत्रा २० अंशांनी निवला की जवळजवळ दीड मिलिमीटर आखडतो, आणि खिळ्यापाशी अडकून एकदम सुटतो.

फोटोत 'काहीतरी' आलं, असं सांगत मंडळी येतात. बहुतेक वेळा ते गोल पांढरे ठिपके असतात. लेन्सला लागूनच असलेला फ्लॅश समोरच्या धुळीच्या कणांवर पडतो आणि फोकसबाहेरचा कण चेंडूसारखा दिसतो. फ्लॅश बाजूला हातभर लांब धरला की ठिपके जवळजवळ जातात. दुसरा प्रकार आरपार दिसणाऱ्या माणसाचा. ३० सेकंद शटर उघडं असताना कुणी १० सेकंद उभं राहून निघून गेलं की त्याच्यामागची भिंतही नोंदली जाते आणि माणूस धुरकट उमटतो. ही करामत जुनी आहे. अमेरिकेत विल्यम ममलर नावाच्या फोटोग्राफरने १८६० च्या दशकात मेलेल्या नातलगांच्या छाया फोटोत आणून देण्याचा धंदा केला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि दुहेरी छपाईच्या युक्त्या कोर्टात सांगितल्या गेल्या. पुराव्याअभावी तो सुटला. पण त्याच्या दारी गेलेली माणसं बहुतेक दुःखात बुडालेली होती, हे विसरता येत नाही.

म्हणूनच फोटोखाली काय लिहायचं याला मी काढण्याइतकंच महत्त्व देतो. 'झपाटलेला वाडा' लिहिलं की रात्री पोरं दारू घेऊन येतात, चौकटी आणि कड्या चोरीला जातात. याहून वाईटही घडू शकतं. भुताची गोष्ट फिरत फिरत एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईपाशी येऊन थांबते आणि तिला डाकीण ठरवलं जातं. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं पसरवून तिला छळणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. तेव्हा फोटोखाली बांधणी लिहा: जोतं, धाबं, खांब, खण किती. वर्ष लिहा. घरच्यांची परवानगी असेल तरच गाव लिहा.

सासवडचा पुरंदरे वाडा २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटात भीतीचं घर म्हणून लाखोंनी पाहिला. तिथला पाऊस खरा, वाडाही खरा. तो ज्यांनी बांधला आणि वापरला त्यांची ओळख मात्र पडद्यावर आली नाही, आणि ती तिथे यावी अशी अपेक्षाही नाही. आपल्या फोटोंकडून मात्र ती ठेवता येते.

शेवटचं काम टाळू नका. निवडलेल्या फोटोंच्या आठ बाय बाराच्या छापील प्रती काढा, मागे तारीख आणि खोलीचं नाव पेन्सिलने लिहा आणि ज्यांचं घर आहे त्यांच्या हातात नेऊन द्या. कोनाड्याची प्रत आजींनी आता नव्या घरात देवाशेजारी लावली आहे.