प्रत्येक चूक लगेच सांगितली की शिकणं पक्कं होतं?

नवी हालचाल शिकणाऱ्याला दर प्रयत्नानंतर किती चुकलं ते सांगावं, असं आपण गृहीत धरतो. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या समजुतीला धक्का देतात. एका गटाला हाताच्या प्रत्येक प्रयत्नाचा निकाल कळत होता, दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांचा, तोही सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत जाणारा. सरावात फारसा फरक दिसला नाही. नंतर निकाल न सांगता परीक्षा घेतली तेव्हा मात्र निम्मा निकाल मिळालेला गट सरस ठरला. आणि शिकणं मोजायचं ते इथेच, सराव संपल्यावर काय उरतं त्यावर.

असं का व्हावं? आपला लहान मेंदू हालचालीचा परिणाम काय जाणवेल याचा आधीच अंदाज बांधतो, डोळे, स्नायू, सांधे यांच्या संवेदनांशी तो ताडून पाहतो आणि तफावतीनुसार पुढची हालचाल सुधारतो. उत्तर बाहेरून आयतं मिळत राहिलं तर शिकणारा त्यावरच विसंबतो आणि स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची क्षमता कच्ची राहते, असं श्मिट यांचं स्पष्टीकरण आहे. मला ते पटतं.

मग नवशिक्याला वाऱ्यावर सोडायचं का? मुळीच नाही. हालचाल गुंतागुंतीची असेल किंवा शिकणारं लहान मूल असेल, तर वारंवार सांगण्याचा फायदा झाल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून प्रशिक्षकांनी, फिजिओथेरपिस्टनी सुरुवातीला भरपूर सांगावं, मग हळूहळू गप्प राहावं, आणि सांगण्याआधी विचारावं: ‘तुला काय वाटतं, कुठे चुकलं?’